सुपरबाईक घेताय? आधी वर्कशॉप पसंत करा, मग गाडी

एका क्लच लिव्हरसाठी माझी पहिली मोठी गाडी सात आठवडे पार्किंगमध्ये कव्हरखाली उभी होती. पडली तीसुद्धा जागच्या जागी, साइड स्टँड ओल्या मातीत रुतल्यामुळे. फेअरिंगवर (गाडीच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या आवरणावर) वितभर ओरखडा आणि मुळापासून मोडलेला लिव्हर, एवढंच नुकसान. शोरूमने ऑर्डर टाकली. मग ती सापडेना. मग डीलर बदलला, नवा माणूस आला आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून चेसिस नंबर लिहून घेतला. हप्ता मात्र दर पाच तारखेला न चुकता जात होता. गाडी चांगली होती, हे मी आजही सांगेन. घेताना जे पाहायला हवं होतं ते मी पाहिलं नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत मित्रांबरोबर, मग मित्रांच्या मित्रांबरोबर बऱ्याच गाड्या पाहायला गेलो. चारशे सीसीपासून लिटर क्लासपर्यंत (म्हणजे हजार सीसीच्या आसपास), कोऱ्या आणि वापरलेल्याही. त्यातून एक पद्धत बसत गेली. ती इथे क्रमाने देतो.

पहिली पायरी: सर्व्हिसच्या काउंटरवर जा

आपल्याकडे स्पोर्ट बाईकचा बाजार गेल्या पंधरा-सतरा वर्षांत किती वेळा हातातून हातात गेला ते आधी बघा. २००७ च्या डिसेंबरात यामाहाने आर-वन ही लिटर क्लासची गाडी अधिकृतपणे भारतात आणली. २००९ मध्ये कावासाकीची निन्जा २५०आर बजाजच्या प्रोबायकिंग शोरूममध्ये दिसू लागली. जानेवारी २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक आली आणि कॉलेजच्या पोरांनाही या जगाचं दार उघडलं. मग एप्रिल २०१७ मध्ये बजाज आणि कावासाकी वेगळे झाले. कावासाकीच्या गाड्या कावासाकीच्याच डीलरांकडे गेल्या आणि निन्जावाल्यांना वर्षानुवर्षांचा ओळखीचा मेकॅनिक सोडून नवीन पत्ता शोधावा लागला.

कोरियाच्या ह्योसंगची गोष्ट तर आपल्या साताऱ्याजवळच्या वाठारची. तिच्या गाड्या आधी गरवारे मोटर्सकडे, मग डीएसके मोटोव्हील्सकडे. डीएसकेनेच पुढे इटलीची बेनेली आणली. २०१५ मध्ये आलेली चार सिलिंडरची टीएनटी ६००आय तिच्या आवाजासाठी कितीतरी जणांनी घेतली. २०१८ मध्ये डीएसकेचा कारभार अडचणीत आला आणि बेनेलीने हैदराबादच्या महावीर ग्रुपशी नवा करार केला. मधल्या काळात ज्यांच्या गाड्या उघडून ठेवलेल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. सप्टेंबर २०२० मध्ये हार्लेने भारतातला कारखाना बंद करत असल्याचं सांगितलं, पुढच्याच महिन्यात हीरोबरोबर करार झाला. ट्रायम्फची भारतातली विक्री आणि सर्व्हिस २०२३ मध्ये बजाजकडे आली आणि चाकणला स्पीड ४०० बनू लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातली केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२५ मध्ये तिची सूत्रं बजाजच्या हाती आली. तिकडे बारामतीत एप्रिलियाची आरएस ४५७ तयार होते. इटलीचं नाव, जोडणी बारामतीची.

यातली प्रत्येक घडामोड वाईट होती असं नाही. ट्रायम्फ बजाजकडे आल्यावर लहान शहरांतही शोरूम उघडली, हा मालकांचा फायदाच झाला. पण टाकीवरचं नाव तेच राहतं आणि त्यामागची व्यवस्था बदलते. आपला रोजचा संबंध त्या व्यवस्थेशी येतो.

म्हणून शनिवारी दुपारी जा, सर्व्हिसला गर्दी असते तेव्हा. शोरूमच्या काचेआडची गाडी नंतर बघा. मागच्या बाजूला वर्कशॉप असतं तिथे उभे राहा. कोपऱ्यात फेअरिंग काढलेल्या, धूळ बसलेल्या किती गाड्या आहेत ते मोजा. एखाद्या गाडीच्या सीटवर जॉब कार्ड लावलेलं असेल तर तारीख दिसते. दोन महिन्यांपूर्वीची असेल तर तिथल्या माणसाला शांतपणे विचारा, ही कशासाठी थांबलीय? उत्तर कसं मिळतं यावरून बरंच कळतं.

मग पार्ट्सच्या खिडकीवर एक चिठ्ठी द्या. मी नेहमी याच वस्तू लिहितो: क्लच लिव्हर, पुढचे ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट सेट, रेडिएटर, डावीकडचं फेअरिंग पॅनेल, ऑइल फिल्टर. प्रत्येकापुढे किंमत आणि ‘स्टॉकमध्ये आहे की किती दिवसांत येईल’ एवढं लिहून मागा. पॅड आणि फिल्टर काउंटरवर मिळायलाच हवेत. लिव्हर आठवड्याभरात. रेडिएटर, पॅनेलला वेळ लागतो, ते समजून घेता येतं. पण माणूस संगणकावर पार्ट नंबर काढू शकत नसेल, ‘बुकिंग करा, मग बघू’ म्हणत असेल, तर तिथून निघा.

आणखी एक प्रश्न: या मॉडेलवर काम करायचं प्रशिक्षण घेतलेले मेकॅनिक किती आणि ते इथे किती वर्षांपासून आहेत? मोठ्या गाडीचा चांगला मिस्त्री नोकरी सोडून गेला की त्या शोरूमचं निम्मं कसब त्याच्याबरोबर जातं. पुण्या-मुंबईत असे कितीतरी जण आता स्वतःचं गॅरेज चालवतात. अशा एखाद्या स्वतंत्र गॅरेजचा पत्ता खरेदीच्या आधीच काढून ठेवा.

कोल्हापूर, नाशिक, नांदेड, रत्नागिरीकडच्या मंडळींनी अंतराचाही हिशेब करावा. सर्व्हिस सेंटर दोनशे किलोमीटरवर असेल तर साधं ऑइल बदलायलाही एक दिवस जातो आणि गाडी बंद पडली तर टेम्पोचं भाडं अंगावर येतं. कंपनीची रोडसाइड मदत तुमच्या तालुक्यापर्यंत पोहोचते का, ते लेखी घ्या.

दुसरी पायरी: पूर्ण हिशेब मांडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढच्या दुचाकीवर ४० टक्के. आधी वरच्या गटाला उपकर धरून ३१ टक्के लागत होते. म्हणजे ३९० ड्यूक, स्पीड ४००, आरएस ४५७ यांसारख्या, पहिली स्पोर्ट बाईक म्हणून घेतल्या जाणाऱ्या गाड्याही लिटर क्लासच्या रांगेत जाऊन बसल्या. वापरलेल्या गाडीचा विचार आज जास्त लोक करतात त्यामागे हेही एक कारण आहे.

आयात गाडीचं गणित वेगळं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १६०० सीसीपर्यंतच्या पूर्ण तयार होऊन येणाऱ्या गाडीवरचं सीमाशुल्क ५० वरून ४० टक्के झालं आणि सुटे भाग आणून इथे जोडलेल्या गाडीवरचं १५ वरून १० टक्के. तुमची गाडी कुठे बनली ते चेसिस नंबरवरून कळतं. पहिली अक्षरं एमए ते एमई यांपैकी असतील तर भारत, एमएल असेल तर थायलंड, सुरुवात जे ने होत असेल तर जपान, झेड असेल तर इटली. इथे जोडलेल्या गाडीचे झिजणारे पार्ट तुलनेने लवकर मिळतात असा माझा अनुभव आहे.

ऑन-रोड किमतीचा कागद मागा आणि प्रत्येक ओळ वाचा. ‘हँडलिंग चार्ज’ दिसला तर काढायला सांगा. ॲक्सेसरी पॅक सक्तीचा नसतो. विमा बाहेरून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. फक्त कंपनी निवडताना हेच सर्व्हिस सेंटर तिच्या कॅशलेस यादीत आहे का ते तपासा, नाहीतर फेअरिंगचं लाखाचं बिल आधी खिशातून भरावं लागतं. ३५० सीसीवरच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला २,८०४ रुपये ठरलेला आहे, त्यात कमी-जास्त होत नाही. फरक पडतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात आणि झिरो डेप्रिसिएशनमध्ये (पार्टच्या किमतीतून घसारा न कापता भरपाई देणाऱ्या जोड-विम्यात).

मोठ्या गाडीच्या टायरची एक चांगली जोडी तीस-चाळीस हजारांच्या घरात जाते आणि मऊ रबराचे टायर पाच-सहा हजार किलोमीटरांत संपू शकतात. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, बूट, रायडिंग पँट हा अंगावरचा सगळा गिअर गाडीच्याच बजेटमध्ये धरा. गाडी घेऊन झाल्यावर ‘गिअर पुढच्या बोनसला’ असं म्हणणाऱ्याला मी मनापासून थांबवतो. एक मॉडेल खालचं घ्या, पण पहिल्याच दिवशी अंगावर पूर्ण गिअर असू द्या.

नवी गाडी असेल तर आरटीओत नोंदणी होण्याआधी ती दिवसाउजेडी पाहून घ्या. चेसिस प्लेटवरचा उत्पादनाचा महिना, टायरवरचा आठवडा, मीटरवरचे किलोमीटर आणि टाकीखालच्या प्लास्टिकच्या कडा बघा. वर्षअखेरीची सूट बऱ्याचदा जुन्या उत्पादनावर असते. घ्यायला हरकत नाही, पण ते माहीत असून घ्या.

तिसरी पायरी: वापरलेली गाडी तपासणं

इथे मी जास्त वेळ घेणार आहे. पैसे इथेच वाचतात आणि इथेच बुडतात.

विकणाऱ्याला आदल्या रात्रीच सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.’ पोचल्यावर नमस्कार-चमत्कार होण्याआधी तळहात इंजिनच्या कव्हरवर ठेवा. एकदा चिंचवडला सकाळी आठला गेलो तर इंजिन कोमट लागलं. मालक म्हणाला, बाहेरून आत लावली फक्त. एवढ्यावरून गाडी नाकारली नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. थंड इंजिन चालू केलं तेव्हा कॅम चेनची (इंजिनातल्या, व्हॉल्व्ह चालवणाऱ्या साखळीची) खडखड स्पष्ट ऐकू आली. गरम झाल्यावर ती नाहीशी झाली.

आता खाली बसा. पुढच्या फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या) चकचकीत नळीवर, सीलच्या अगदी वर, बोट गोल फिरवा. बोटाला तेल लागलं तर सील गेलेत. वरखाली दाबून बघा, तेलाची रिंग उमटते का. मग हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा आणि हँडल जिथे अडतं तिथे टॉर्च मारा. फ्रेमवर आणि फोर्क धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पवर दोन छोटे टेकू असतात. गाडी जोरात आपटली असेल तर तो टेकू चेपलेला किंवा वाकलेला दिसतो. फेअरिंग नवी बसवता येते, रंग मारता येतो, पण हा टेकू बदलायला कोणी जात नाही.

पुढचं चाक उचलता आलं तर हँडल सावकाश फिरवा. मधोमध ‘टक’ करून अडकल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेलेत, बऱ्याचदा व्हीलीच्या, म्हणजे पुढचं चाक उचलून चालवायच्या हौसेने. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन मागच्या बाजूने ओढा. दात अर्धा उघडा पडत असेल तर सेट बदलायला आलाय. ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्निअरने (जाडी मोजायच्या मापाने) मोजून ताडून बघा. टायरवरचे चार आकडे वाचा: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून पाच-सहा वर्षांचं कडक रबर वापरू नका, घाटात ते धरत नाही.

ऑइल ड्रेन बोल्टला आरपार बारीक भोक असेल तर त्यातून कधीतरी सेफ्टी वायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून ओवायची तार) गेलेली आहे, म्हणजे गाडी ट्रॅकवर पळालेली आहे. ट्रॅकवरची गाडी वाईटच असते असं नाही, कित्येकदा तिची निगा रस्त्यावरच्या गाडीपेक्षा चांगली असते. पण मालकाने ते स्वतःहून सांगायला हवं.

किल्ली फिरवा आणि मीटरकडे बघा. एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. मुळीच लागला नाही तर कुणीतरी काहीतरी लपवलंय. इंजिनचा दिवा सुरू झाल्यावर विझला पाहिजे. गाडी जागेवर चालू ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत थांबा, दहा मिनिटं गेली तरी चालतील. दोन्ही किल्ल्या मागा. इमोबिलायझरच्या (किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय सुरू न होणाऱ्या) गाडीत दुसरी किल्ली बनवायला बराच खर्च येतो, आणि दोन्ही हरवल्या तर काही गाड्यांत थेट ईसीयूपर्यंत, म्हणजे इंजिनच्या संगणकापर्यंत जावं लागतं.

सर्व्हिसचे कागद बघताना फक्त शिक्के मोजू नका. व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट तपासून जुळवायचं) काम कधी झालं ते शोधा. डुकाटीत व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटत नाही, तो मिटवायलाही वेगळा रॉकर असतो. त्यामुळे ते काम वेळखाऊ आणि महाग. पानिगाले व्ही-फोरमध्ये ते २४,००० किलोमीटरवर येतं. बावीस-तेवीस हजार चाललेली स्वस्त गाडी दिसली की स्वस्त का, ते लक्षात येईल. डुकाटीच्या बेल्टवाल्या दोन सिलिंडरच्या इंजिनांत टायमिंग बेल्ट वयानुसारही बदलावा लागतो, किलोमीटर कितीही कमी असोत. सहा वर्षांत चार हजार किलोमीटर चाललेली गाडी म्हणूनच मला आकर्षक वाटत नाही. उभ्या गाडीत पेट्रोल, ब्रेक फ्लुइड, सील आणि बॅटरी चारही खराब होत असतात.

बाहेरचा सायलेन्सर लावलेला असेल तर मूळ सायलेन्सर गाडीबरोबर मिळालाच पाहिजे, ही अट ठेवा. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली घालतात, हे तुम्ही पाहिलंच असेल. मूळ नग नवा घ्यायचा तर त्याची किंमत ऐकून घाम फुटतो.

आता कागद. गाडीचा नंबर परिवहनच्या पोर्टलवर टाकून मालकाचं नाव, कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि थकलेली ई-चलनं बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात, परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी. मोठ्या गाड्या कर वाचवण्यासाठी पुदुच्चेरी किंवा झारखंड पासिंगच्या असायच्या, अजूनही दिसतात. गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, म्हणजे महाराष्ट्राचा कर तुमच्या माथी. किंमत ठरवताना तो आधी वजा करा. जुन्या, वैयक्तिकरीत्या आयात केलेल्या गाडीला कस्टम्सची बिल ऑफ एंट्री (आयातशुल्क भरल्याचा कागद) नसेल तर तिच्या नादी लागू नका, गाडी कितीही देखणी असो.

चेसिस नंबर आरसीवरून वाचायचा नाही, गाडीवरून वाचायचा आणि आरसीशी जुळवायचा. आकड्यांभोवती घासल्याच्या खुणा किंवा नवा रंग दिसला तर तिथेच थांबा. पैसे बँकेतूनच द्या. ताब्याच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा: ‘सायंकाळी ५.४० वाजता ताबा दिला.’ त्याच रात्री अपघात किंवा चलन झालं तर हा एक आकडा दोघांनाही वाचवतो. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही.

चौथी पायरी: माणसं जोडा

पूर्वी मालकांचा गट म्हणजे कंपनीचाच गट असायचा. हार्लेचा एचओजी (हार्ले ओनर्स ग्रुप), डुकाटीचा डेस्मो ओनर्स क्लब. राइड डीलर आखायचा, नाश्ता डीलर द्यायचा, टी-शर्टही डीलरचाच. आजही हे गट आहेत आणि चांगलं कामही करतात. पण डीलर बदलले तेव्हा एक गोष्ट उघड झाली: शोरूमला टाळं लागल्यावरही जी माणसं रविवारी भेटत राहिली, त्यांच्याच गाड्या चालू राहिल्या. कुणी थायलंडहून येणाऱ्या नातेवाइकाकरवी पॅड मागवले, कुणी दोन गाड्यांची फिल्टरं एकत्र ऑर्डर केली, कुणी सर्व्हिस मॅन्युअल आणून मेकॅनिकला दिलं.

म्हणून गाडी घेण्याआधीच त्या मॉडेलच्या मालकांना भेटा. पुण्यात सातारा रस्त्यावर, मुंबईकरांसाठी लोणावळ्याच्या बाजूला, रविवारी सकाळी सात-साडेसातला मिसळ-पोह्याच्या टपऱ्यांपुढे गाड्या लागलेल्या असतात. जाऊन बोला. ‘टॉप स्पीड किती?’ विचारू नका. विचारा, ‘शेवटचा पार्ट कोणता बदलला, कुठून आणला, किती दिवस लागले?’ या प्रश्नावर माणसं भरभरून बोलतात. मला आजवर कुणी हुसकावून लावलेलं नाही, उलट चहा पाजला आहे.

गटात जायचं तर त्यांची शिस्त बघा. पुढे वाट दाखवणारा एक लीड, मागे कुणी सुटू न देणारा एक स्वीप, मध्ये नवखे, आणि ओव्हरटेकचा नियम निघण्याआधी सांगितलेला, असा गट चांगला. सगळ्यांचा गिअर तपासून मगच निघणारे तर उत्तमच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, अटल सेतूवर, मुंबईच्या कोस्टल रोडवर दुचाकीला मनाई आहे. पहाटे गर्दी नसते म्हणून तिथे शिरणाऱ्या गटाबरोबर जाऊ नका. पसरणीच्या घाटात एसटी, उसाच्या ट्रॉल्या, महाबळेश्वरला निघालेली कुटुंबं सगळी एकाच रस्त्यावर असतात. तिथे वळणावर गाडी कलवून गुडघा टेकवायची हौस भागवणारे दोन तरुण मित्र मी गमावले आहेत. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं.

वेगासाठी ट्रॅक आहेत: कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी ही जागतिक मोटरसायकल शर्यत झाली. गाडी ट्रकमध्ये टाकून तीन-चार जणांनी मिळून गेलं तर खर्च वाटला जातो. प्रशिक्षकाबरोबरचा एक दिवस घाटातल्या पाच वर्षांपेक्षा जास्त शिकवतो. वर्षातून एकदा तरी जमवाच.

पाचवी पायरी: गाडी घरी आल्यावर

पहिल्या हजार किलोमीटरांत इंजिन मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या आरपीएमच्या आत ठेवा आणि पहिली सर्व्हिस चुकवू नका. टायरमधली हवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे, दर आठवड्याला, टायर थंड असताना तपासा. पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी टेंडर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा. पावसाळ्यात काही दिवस उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत ओल धरत नाही. आता पंपावर सर्रास ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीसाठी मॅन्युअलमध्ये किती इथेनॉल चालेल ते बघा आणि तसं पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत साठवू नका.

एक फाइल करा. प्रत्येक बिल, बदललेल्या पार्टचा नंबर, किलोमीटर आणि तारीख. मेकॅनिकचं नावही लिहा. गाडी विकताना याच फाइलवरून भाव ठरतो.

आणि गाडीच्या पहिल्या बिलातच हे सुटे भाग जोडून घ्या: क्लच आणि ब्रेकचा एकेक लिव्हर, गिअर लिव्हर, ब्रेक पॅडचा एक सेट, दोन ऑइल फिल्टर, क्लच केबल असेल तर तीही. माझ्याकडे हे सगळं एका स्टीलच्या डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतं. दोन वर्षांपूर्वी फलटणहून एका मुलाचा फोन आला, त्याचा लिव्हर मोडला होता, मॉडेल तेच. संध्याकाळच्या एसटीने पाठवला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची गाडी रस्त्यावर होती. महिन्याभराने त्याने नवा लिव्हर आणून दिला, तो पुन्हा त्याच डब्यात गेला.